तैलरंग : इतिहास, गुण आणि दोष



वसंत व्याख्यानमालेत अर्थकारण, राजकारण, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांवरची व्याख्याने ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या पत्रिकेत 'तैलरंग' हा शब्द वाचून, हे गृहस्थ दरवाजाला ऑइलपेंट कसा द्यावा ते सांगणार की काय, अशी शंका काही जणांच्या मनात आली असेल. दरवाजाचा उल्लेखही ओघाने येणार आहे. पण हा विषय मी निवडला त्याचे कारण निराळे आहे, आणि ते थोडेसे कबुलीजबाबासारखे आहे.

पस्तीस वर्षांपूर्वी मी एका शाळेत चित्रकला शिकवीत होतो. शाळेच्या सभागृहात संस्थापकांचे एक मोठे तैलचित्र टांगलेले होते. लाल पगडी, खांद्यावर उपरणे, हातात काठी, आणि चेहऱ्यावर त्या पिढीचा तो करारीपणा. चित्र काढणारा कोणी नामांकित नव्हता. मुंबईत शिकून आलेला जवळपासचाच कोणी चित्रकार असावा. पण हात सुरेख होता. वार्षिक उत्सव जवळ आला, तेव्हा मुख्याध्यापक मला म्हणाले, "मास्तर, ह्या चित्राला जरा तेज आणता येईल का? फार निस्तेज दिसते." मी विद्यार्थी असताना कोठेतरी ऐकले होते की तैलचित्राला तेलानेच जीव येतो. मी अळशीचे तेल आणले आणि मऊ फडक्याने चित्रावर चोळले. काय सांगू, पगडीचा लाल रंग क्षणात उजळला, उपरण्याच्या चुण्या दिसू लागल्या. उत्सवात माझे कौतुक झाले आणि मला नारळ मिळाला.

गेल्या वर्षी त्या शाळेत पुन्हा जाण्याचा योग आला. चित्र तेथेच होते, पण त्याचा रंग चहासारखा झाला होता. पगडी तपकिरी, उपरणे पिवळे, आणि चेहरा अंधारातून कोणी पाहत असावे तसा. संग्रहालयात काम करणाऱ्या एका जाणकार स्नेह्याला मी ते दाखविले. त्याने निरखून पाहिले आणि म्हणाला, "हा वरचा थर काढू गेलो, तर खालचे मूळ चित्रही त्याच्याबरोबर निघून येण्याचा धोका आहे." माझे कोठे चुकले, हे त्या दिवशी मला नीट समजले. ते आपल्याला समजावून द्यावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे. कारण अशी चित्रे आपल्या प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांना उजाळा देऊ पाहणारे माझ्यासारखे हौशी लोकही आहेत.

तेल वाळते म्हणजे काय?

कोणताही रंग घ्या, त्यात दोन गोष्टी असतात. एक रंगाची पूड आणि दुसरी ती पूड धरून ठेवणारा चिकट पदार्थ. गेरू, पिवडी, काजळ, हिंगूळ, नीळ ह्या पुडी. त्या डिंकाच्या पाण्यात कालविल्या की जलरंग होतो. अंड्याच्या बलकात कालविल्या की जुन्या युरोपीय चित्रकारांचा टेम्परा होतो. सरसात कालविल्या की आपल्याकडील जुन्या भिंतींवरचा रंग होतो. आणि विशिष्ट तेलात घोटल्या की तैलरंग होतो. पूड तीच असते. फरक पडतो तो तिला धरणाऱ्या पदार्थाने.

'विशिष्ट तेलात' असे मी म्हटले ते मुद्दाम. खोबरेल तेलाचा थेंब काचेवर लावून ठेवा. वर्षाने पाहिले तरी तो तेलकटच राहील. शेंगदाण्याच्या तेलाचीही साधारण तीच गत. अळशीच्या, म्हणजे जवसाच्या तेलाचा पातळ थर मात्र काही दिवसांत कडक होतो. अक्रोडाचे आणि खसखशीचे तेलही असेच वाळते. करडईचे तेल मधल्या प्रकारचे. ते सावकाश वाळते. ज्या घरांत पूर्वी करडईच्या तेलात स्वयंपाक होई, तेथील गृहिणींना ह्याचा अनुभव असेल. चुलीवरच्या फळीवर वाफेबरोबर उडालेल्या तेलाचा पिवळा थर बसे, आणि तो सोड्याने घासूनही सहजासहजी निघत नसे. तो थर म्हणजे एक प्रकारचा तैलरंगच, फक्त पूड न घातलेला.

हे कसे घडते? पाणी वाळते म्हणजे उडून जाते. तेल उडून जात नाही. उलट, ते हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि त्यामुळे त्याचे वजन सुरुवातीला थोडे वाढतेसुद्धा. अळशीच्या तेलात लिनोलेनिक आम्ल नावाचा घटक निम्म्याच्या आसपास असतो. प्राणवायू मिळाला की ह्या घटकाचे सुटे सुटे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि त्यांचे एक मोठे जाळे तयार होते. त्या जाळ्यात रंगाची पूड अडकून बसते. म्हणजे ज्याला आपण वाळणे म्हणतो, ते खरोखर एक प्रकारचे विणकाम आहे. आणि हे विणकाम उसवता येत नाही. वाळलेल्या जलरंगावर पाणी घातले तर तो पुन्हा विरघळतो; वाळलेला तैलरंग पुन्हा तेलात विरघळत नाही. मी संस्थापकांच्या चित्रावर तेल चोळले तेव्हा तेथे एक नवे जाळे विणले गेले, आणि ते खालच्या रंगाला कायमचे चिकटले. शिवाय अळशीच्या तेलाचा हा थर वयाबरोबर पिवळा पडतो, अंधाऱ्या जागी तर अधिकच. माझ्या नारळाची किंमत ती होती.

शोध कोणी लावला?

तैलरंगाचा शोध फ्लँडर्समधील यान व्हान आइक ह्या चित्रकाराने लावला, असे पुष्कळ वर्षे सांगितले जात असे. ह्या समजुतीचे जनक इटलीचे चरित्रकार व्हासारी. त्यांनी १५५० साली प्रसिद्ध केलेल्या चित्रकारांच्या चरित्रग्रंथात ही हकीकत दिली आणि ती सर्वत्र पसरली. परंतु थिओफिलस ह्या नावाने लिहिणाऱ्या एका साधूने बाराव्या शतकातच अळशीच्या तेलात रंग कसे घोटावेत ते लिहून ठेवले होते. एक थर वाळेपर्यंत दुसरा देता येत नाही, हे फार कंटाळवाणे काम आहे, अशी त्याची तक्रारही आहे. जर्मन पंडित लेसिंग ह्यांनी १७७४ साली ह्या ग्रंथाकडे लक्ष वेधले आणि व्हासारींची गोष्ट ढासळली.

अलीकडे तर इतिहास आणखी मागे आणि आपल्या बाजूला सरकला आहे. अफगाणिस्तानातील बामियान येथील प्रचंड बुद्धमूर्ती २००१ साली उद्ध्वस्त करण्यात आल्या, हे आपल्याला आठवत असेल. त्या मूर्तींच्या मागील लेण्यांत भित्तिचित्रे आहेत. त्यांचे कण शास्त्रज्ञांनी तपासले, आणि २००८ साली असे जाहीर झाले की सातव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास काढलेल्या काही चित्रांत वाळणारे तेल वापरलेले आहे. ते बहुधा अक्रोडाचे किंवा खसखशीचे असावे. म्हणजे युरोपात त्याची नोंद होण्याच्या कितीतरी आधी रेशीममार्गावरच्या बौद्ध चित्रकारांच्या हाती तैलरंग होता.

मग व्हान आइकचे श्रेय काय? श्रेय आहे, आणि ते मोठे आहे. त्याच्या हाती साधन जुनेच होते, पण त्यातून काय काढता येते हे त्याने जगाला दाखविले. बेल्जियममधील गेंट येथील वेदीचित्र त्याने १४३२ साली पुरे केले. ते त्याचा भाऊ ह्यूबर्ट ह्याने आरंभिले होते. त्यातील रत्नांवरचा प्रकाश, गवताची पाती, मखमलीची घडी पाहिली की टेम्परातून हे साधले नसते हे पटते. पुढे ही विद्या इटलीत गेली. व्हेनिस शहर पाण्यात वसलेले. तेथील दमट हवेत ओल्या चुन्यावरची भित्तिचित्रे टिकत नसत. पण जहाजांच्या शिडांचे कापड तेथे मुबलक. त्या कापडावर तैलरंगाने चित्रे काढण्याची पद्धत तेथे रुजली, आणि लाकडी फळीची जागा हळूहळू कॅनव्हासने घेतली.

रंग साठविण्याची मात्र पंचाईत होती. कालवलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत, टोचून हवा तेवढा काढीत, आणि भोक बुजविताना पुष्कळ वाया घालवीत. १८४१ साली जॉन रँड ह्या अमेरिकन चित्रकाराने कथिलाची मुडपता येणारी नळी काढली. वस्तू क्षुल्लक, पण तिच्यामुळे रंगपेटी खांद्याला लावून नदीकाठी, शेतात जाऊन तैलचित्र काढणे सोपे झाले. १८७४ साली पॅरिसला ज्यांचे पहिले प्रदर्शन भरले, त्या इंप्रेशनिस्ट चित्रकारांच्या उघड्यावरच्या चित्रणाला ह्या नळीने मोठा हातभार लावला.

गुण कोणते?

पहिला गुण म्हणजे सावकाशपणा. थिओफिलसला जो दोष वाटला, तोच पुढे गुण ठरला. जलरंगात एकदा फटकारा मारला की तो काही क्षणांत वाळतो. चुकले तर कागद बदला. तैलरंग कित्येक तास, कधी काही दिवस ओला राहतो. गालावरचा उजेड आणि सावली ह्यांच्या सीमा कुंचल्याने हळुवार मिसळून टाकता येतात. लिओनार्दोच्या मोनालिसाच्या ओठांचे कोपरे कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात ते सांगता येत नाही, ते ह्या गुणामुळे.

दुसरा गुण खोलीचा. भजी बांधून आणलेला कागद आठवा. जेथे तेल लागते तेथे कागद पारदर्शक होतो आणि त्यावरची अक्षरे पलीकडून दिसू लागतात. प्रकाशाचे किरण हवेतून पुडीच्या कणांत शिरताना विखुरतात. तेलातून शिरताना तेवढे विखुरत नाहीत, कारण प्रकाश वळविण्याच्या बाबतीत तेल आणि पुष्कळशा पुडी ह्यांच्यात फारसे अंतर नसते. म्हणून तेलात कालवलेला रंग गडद आणि खोल दिसतो. चित्रकार ह्याचा फायदा घेऊन एकावर एक पातळ, काचेसारखे थर देतो. प्रकाश त्या थरांतून खाली जातो, तळच्या पांढऱ्या अस्तरावर आपटून परत येतो, आणि चित्र आतून उजळल्यासारखे दिसते.

तिसरा गुण भरीवपणाचा. तोच रंग पातळही लावता येतो आणि लोण्याच्या गोळ्यासारखा जाडही. रेम्ब्रांटने उतारवयात रंगवलेल्या चित्रांत उजेडाच्या जागी रंगाचे अक्षरशः उंचवटे आहेत. व्हान गॉगच्या चित्रांत कुंचल्याची प्रत्येक ओढ बोटाने चाचपता येईल अशी उभी आहे.

चौथा गुण व्यवहाराचा. वाळलेला तैलरंग बराच काळ लवचिक राहतो, त्यामुळे कापडावर काढलेले चित्र गुंडाळून दूर नेता येते. व्हेरोनीझचे 'काना येथील विवाह' हे १५६३ साली पुरे झालेले चित्र जवळजवळ १० मीटर लांब आणि पावणेसात मीटर उंच आहे. १७९७ साली नेपोलियनच्या सैन्याने ते व्हेनिसच्या मठातून उतरवून पॅरिसला नेले, आणि ते आजही लूव्र संग्रहालयात आहे. चित्र पळविता येणे हा गुण म्हणावा की अवगुण, हे श्रोत्यांनीच ठरवावे!

दोष कोणते?

आता दुसरी बाजू. ती सांगताना सर्वांत आधी जिवाच्या धोक्याची गोष्ट सांगतो. अळशीच्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल प्राणवायू शोषू लागले की उष्णता निर्माण होते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते. बोळ्यात ती साठत जाते, आणि काही तासांनी ते फडके काडी न लावता आपोआप पेट घेऊ शकते. फडकी मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. सुतारकाम करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

दुसरा धोका विषाचा. युरोपीय तैलचित्रांतील पांढरा रंग शतकानुशतके शिशाचा सफेदा असे. तो सुरेख वाळे, घट्ट बसे, पण तो तयार करणारे आणि घोटणारे कामगार पोटशुळाने आणि हातपाय लुळे पडून आजारी होत. विसाव्या शतकात टिटॅनियमचा सफेदा आला आणि शिशाची गरज बरीच कमी झाली. घराच्या दारेखिडक्यांना द्यावयाच्या रंगात मात्र शिसे पुष्कळ वर्षे रेंगाळले. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम २०१७ साली लागू झाला. त्याआधीचा जुना ऑइलपेंट खरवडताना धूळ उडू देऊ नये आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

तिसरा दोष असा की तैलचित्र वाळले तरी त्याचे स्थित्यंतर थांबत नाही. थरांचा क्रम चुकला तर ते तडकते. नियम असा आहे की खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात अधिक असावे. उलट केले तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा मागाहून आक्रसतो आणि वर भेगा पडतात. इंग्लंडचे नामांकित चित्रकार रेनॉल्ड्स ह्यांनी नाना मिश्रणे करून पाहिली. त्यांच्या कित्येक चित्रांतील गालांची लाली त्यांच्या हयातीतच उडाली, आणि काही चित्रे जागोजाग तडकली. लिओनार्दोने मिलान येथील 'शेवटचे भोजन' हे चित्र १४९५ ते १४९८ ह्या काळात कोरड्या भिंतीवर टेम्परा आणि तेल ह्यांच्या मिश्रणाने काढले, कारण ओल्या चुन्यावर जी घाई करावी लागते ती त्याला नको होती. अवघ्या वीस वर्षांत ते पापुद्रे सोडू लागले.

चौथा दोष रंगबदलाचा. तेल वयाबरोबर अधिक पारदर्शक होत जाते. डच चित्रकार पीटर द होख ह्याच्या एका चित्रात मागाहून काढलेल्या मोलकरणीच्या घागऱ्यातून आज खालच्या फरशीचे चौकोन दिसतात. व्हान गॉगने वापरलेला क्रोम पिवळा उजेडाने तपकिरी होतो. तो कसा होतो ह्याचे रासायनिक कारण २०११ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढले. त्याच्या शयनगृहाच्या चित्रातील भिंती मुळात जांभळट होत्या; लाल रंग उडाल्यामुळे त्या निळ्या राहिल्या. रेम्ब्रांटच्या १६३२ सालच्या 'डॉक्टर टुल्प' ह्या चित्रात तर शिसे आणि तेलातील आम्ले ह्यांचा संयोग होऊन एक प्रकारचा साबण झाला आहे, आणि त्याचे बारीक खडे रंगातून वर डोकावतात.

पाचवा दोष रंगाचा नव्हे, आपल्या मायेचा. चित्राच्या रक्षणासाठी वर रोगण देतात. ते पिवळे पडते. मग कोणी ते पुसतो, कोणी त्यावर पुन्हा रंगवतो. रेम्ब्रांटच्या 'रात्रीचा पहारा' ह्या जगप्रसिद्ध चित्रात मुळात रात्र नाहीच. काळ्या पडलेल्या रोगणामुळे लोकांना ती रात्र वाटली. १९४६-४७ साली ते स्वच्छ केले तेव्हा आत दिवस निघाला. गेंटच्या वेदीचित्रावर सोळाव्या शतकात कोणीतरी भक्तिभावाने पुष्कळ भाग नव्याने रंगवला होता. २०१२ साली सुरू झालेल्या दुरुस्तीत तो थर अतिशय सावधपणे काढला, तेव्हा मधल्या कोकराचा निराळाच, माणसासारखा रोखून पाहणारा चेहरा जगाने जवळजवळ पावणेपाचशे वर्षांनी पाहिला. तेथे मूळ रंग शाबूत होता, म्हणून तो दिसला. सर्वत्र असे भाग्य नसते.

आपल्याकडे

आपली जुनी चित्रकला तैलरंगाची नव्हे. अजिंठ्याची चित्रे कोरड्या गिलाव्यावर चिकट द्रव्यात कालविलेल्या रंगांनी काढलेली आहेत. पण रोगणाची गोष्ट तेथेही घडली. एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांवर रोगण फासले, आणि १९२० नंतर निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे रंग बसविण्यासाठी लाखेचे रोगण वापरले. हेतू चांगलाच होता. पण ते थर पिवळे पडले, आणि ते काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याला पुढे वर्षानुवर्षे खपावे लागले. त्या नकलांचे नशीबही पाहा. रॉबर्ट गिल ह्यांनी १८४४ पासून अजिंठ्यास राहून काढलेल्या तैलरंगातील बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील १८६६ च्या आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून ग्रिफिथ्स ह्यांनी करविलेल्या नकलांपैकी पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या.

गोव्यात तैलरंग पोर्तुगीजांबरोबर आला. गव्हर्नर ज्युआंव द कास्त्रो ह्यांनी १५४७ साली आपल्या पूर्वाधिकाऱ्यांच्या तसबिरी करवून घेण्यास आरंभ केला, आणि ती मालिका पुढे चालू राहिली. आज ती जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. दमट हवेत फळ्या बिघडल्या, प्रत्येक पिढीने वरून रंग चढविले, आणि कित्येक चेहरे मूळ चित्रकाराचे राहिले नाहीत.

पुण्यात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ साली आला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस ह्यांचे त्याने काढलेले तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. नानांची ती शेलाटी, विचारी मुद्रा आपण पाठ्यपुस्तकांतून ओळखतो, त्यामागे ह्या माणसाचा कुंचला आहे.

मग १८५७ साली मुंबईची जे. जे. कलाशाळा निघाली. राजा रविवर्मा (१८४८-१९०६) मात्र कोणत्याही शाळेत गेले नाहीत. त्रावणकोरच्या दरबारी आलेला एक युरोपीय चित्रकार त्यांना शिकवीत नसे. फक्त काम करताना पाहू देई. पाहून पाहून त्यांनी तैलरंग आत्मसात केला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी पौराणिक प्रसंगांची चौदा चित्रे काढली, आणि १८९४ साली मुंबईत छापखाना काढून आपली लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचविली. हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि १९७२ साली आगीत भस्मसात झाला. आपल्या आजीच्या देवघरातल्या देवांच्या चेहऱ्यांमागे तैलरंगाची ती मऊ छाया आहे. कोल्हापूरचे धुरंधर, गोमंतकीय त्रिंदाद ह्यांनी पुढे हे माध्यम आपलेसे केले. मात्र श्रेष्ठ चित्र तैलरंगातच होते असे कोणी समजू नये. हळदणकरांची दिवा हाती धरलेली स्त्री, जी म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात लोक रांग लावून पाहतात, ती जलरंगातली आहे.

ह्या थोर मंडळींची चित्रे संग्रहालयांत सांभाळली जातात. माझी काळजी वेगळी आहे. जे. जे. मधून शिकून कोल्हापूर, सांगली, नाशिक, अमरावती अशा गावी परतलेल्या आणि व्यक्तिचित्रे काढून पोट भरणाऱ्या चित्रकारांची कामे नगरपालिका, वाचनालये, शाळा, व्यायामशाळा ह्यांच्या भिंतींवर आहेत. त्यांची यादी बहुतेक ठिकाणी कोणी केलेली नाही. चित्र काळे पडले की आजकाल त्याचा फोटो काढून संगणकावर उजळ छापून घेतात आणि मूळ चित्र अडगळीत टाकतात. छापील प्रतीत माणसाचा चेहरा राहतो. चित्रकाराचा हात जातो. त्या हाताची दुसरी खूण पुष्कळदा कोठेच नसते.

काय करावे?

ह्याला पैसा लागतो असे समजू नका. निदान सुरुवातीला लागत नाही. चित्र ओल धरणाऱ्या भिंतीला चिकटून टांगू नये; मागे लाकडाचे अथवा बुचाचे तुकडे लावून हवा खेळू द्यावी. उन्हाच्या तिरिपीत, पंख्याच्या झोतात, समई-उदबत्तीच्या वर ते नसावे. जयंती-पुण्यतिथीला चौकटीला हार घालावा, पण ओली फुले कॅनव्हासला टेकू देऊ नयेत. धूळ झटकावयाची तर मऊ कोरड्या ब्रशाने, आणि तीही रंगाचे पापुद्रे सुटलेले नसतील तरच. पाणी, साबण, सोडा, बटाट्याची फोड, लिंबू, खोबरेल, अळशीचे तेल ह्यांपैकी काहीही लावू नये. रंगाचा तुकडा गळून पडला तर तो पाकिटात घालून जपून ठेवावा. चित्राचा पुढून आणि मागून फोटो काढावा. मागे चित्रकाराचे नाव किंवा देणगीदाराची चिठ्ठी पुष्कळदा सापडते. मग जाणकाराला विचारावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचे केंद्र आहे, लखनौला ह्याच कामासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. पत्र लिहिण्यास टपालाचाच काय तो खर्च.

आज तैलरंगाला पर्याय आहेत. पाण्यात मिसळणारे आणि चटकन वाळणारे ॲक्रिलिक रंग १९५० नंतर बाजारात आले, आणि त्यांना टर्पेंटाइनचा वासही लागत नाही. नव्या मुलांनी ते खुशाल वापरावेत. पण आपल्या भिंतींवर जे आहे ते तेलाचे आहे, आणि त्याच्या स्वभावाप्रमाणेच ते सांभाळावे लागेल.

त्या शाळेतल्या चित्रावर मी आता काही करू शकत नाही. मी एवढेच केले की सारी हकीकत तारखेसह एका कागदावर लिहिली, खाली सही केली, आणि तो कागद लिफाफ्यात घालून चित्राच्या नोंदीबरोबर ठेवावयास दिला. कोणते तेल लावले, केव्हा लावले, हे समजले तर पुढे एखाद्या अधिक हुशार माणसाला ते काढण्याची युक्ती सुचेल. मुख्याध्यापकबाई हसल्या आणि म्हणाल्या, "सर, असा दाखला प्रथमच घेतला." मी म्हटले, "बाई, चित्राच्या दवाखान्यातले हे केसपेपर आहेत. रोग्याबरोबर राहू द्या."

हे सभागृह सोडताना आपण सर्वांनी मागच्या भिंतीकडे एकदा पाहावे. तेथेही दोन तैलचित्रे आहेत. त्यांतील एकाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात सही आहे. ती मला वाचता आली नाही. आपल्यापैकी कोणाला वाचता आली, तर व्याख्यानमालेच्या चिटणीसांना अवश्य कळवा.